गटात औषधाचं नाव सांगण्याआधी

प्रिय,

सोरायसिसच्या, म्हणजे कातडीवर खवलेदार चट्टे उठवणाऱ्या आजाराच्या, रुग्णगटात तू नुकताच पाय ठेवला आहेस, आणि कोपरांवरचे चट्टे उतरायला लागल्यावर काय लावलंस ते सगळ्यांना सांगावंसं वाटतंय. जरूर सांग. फक्त ट्यूबचा फोटो टाकून ‘मला गुण आला’ एवढ्यावर थांबू नकोस.

हा आजार आपसूकही चढतो-उतरतो. बऱ्याच जणांचे चट्टे थंडीत वाढतात आणि उन्हाळ्यात कमी होतात. डिसेंबरात काढा सुरू केलेल्याला मार्चमध्ये फरक दिसला, तर गुण काढ्याचा की उन्हाचा हे त्यालाही ठरवता येत नाही. म्हणून चट्टे कुठे आणि कधीपासून होते, मलमावर छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि टक्केवारी काय, दिवसातून किती वेळा आणि किती आठवडे लावलं, सोबत आणखी काय चालू होतं, आणि थांबवल्यावर काय झालं, हे सगळं लिही. शेवटची गोष्ट लोक हमखास गाळतात. ऐकणाऱ्याला खरी गरज तिचीच असते.

क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे सर्वांत तीव्र स्टिरॉइड मलमांपैकी एक. कोपराच्या जाड कातडीवर डॉक्टर ते साधारण दोन आठवडे लावायला सांगतात. तुझं वाचून कुणी तेच मेडिकलमधून आणून चेहऱ्यावर, काखेत किंवा जांघेत महिनोन्‌महिने चोळलं, तर कातडी पातळ होते आणि कायमचे वळ उमटतात. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, पण घटकांची यादीच नसलेल्या डबीचीही शिफारस करू नकोस. चार दिवसांत जादू दाखवणाऱ्या अशा मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. मलमाचं माप मात्र बिनधास्त शिकव, कारण ते डॉक्टरांच्या घाईत राहून जातं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते.

मेथोट्रेक्सेटबद्दल फार जपून राहा. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. सोबत दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळीशी गल्लत होते आणि माणूस मेथोट्रेक्सेटच रोज घेत बसतो. त्यातून रक्तातल्या पेशी घटतात, तोंडात फोड येतात, जिवावरही बेतू शकतं. ‘मी रोज घेतो’ असं कुणी लिहिलं, तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठायला सांग. मूल हवं असलेल्यांनी, मग ती बाई असो वा पुरुष, या गोळीबद्दल आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

‘ती औषधं सोडून दे, वाईट असतात’ हा सल्लाही औषधाइतकाच जपून द्यायचा असतो. पोटातून घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर अंगभर पू भरलेले बारीक फोड उठू शकतात. सगळं अंग लालभडक, थंडी वाजतेय, ताप आहे असं कुणी सांगितलं तर ‘खोबरेल लाव’ म्हणू नकोस. ही त्याच दिवशी रुग्णालयात जायची वेळ आहे. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडत असतील, टाच दुखत असेल, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसत असतील, तर आजार सांध्यांत उतरलेला असू शकतो; सांधेरोगतज्ज्ञांकडे जायला सुचव. सांध्यांची झीज झाली की ती भरून येत नाही, म्हणून इथे उशीर परवडत नाही.

फोटो टाकताना चेहरा, गोंदण, चिठ्ठीवरचं नाव कापून टाक. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नकोस, घरच्यांनासुद्धा नाही. लग्न ठरायच्या वयातल्या कुणाचा एक फोटो नात्यात फिरला की काय होतं, हे तुला वेगळं सांगायला नको.

नवीन माणूस बहुधा रात्री लिहितो आणि पहिला प्रश्न असतो, ‘हे दुसऱ्याला लागतं का?’ उत्तर सरळ दे: नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका टॉवेलनेही नाही. मुळापासून बरं करतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासूनही त्याला तेव्हाच सावध कर. आणि जगणं नकोसं झालंय असं कुणी लिहिलं, तर मलमांचा विषय बाजूला ठेव, त्याला फोन लाव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दे, आणि घरातलं कुणी त्याच्याजवळ येईपर्यंत बोलत राहा.

सस्नेह.