रेतीचा थर खपल्यांनी निघून राहिला

प्रश्न: ताई, मी नागपूरची, दोन वर्षांपासून अ‍ॅक्रिलिक रंगांनी चित्रं काढून राहिली आहे. सीताबर्डीच्या किल्ल्याची दगडी भिंत खरखरीत दिसावी म्हणून कॅनव्हासवर बांधकामाची रेती, रवा आणि पांढरा गम यांचा बोटभर थर दिला, मे महिना होता तर गच्चीवर उन्हातच वाळवला. दुसऱ्या दिवशी भेगा, मग खपल्या, आणि आता तर किडेही दिसून राहिले. काय चुकलं?

उत्तर: अगं, कल्पना छानच आहे, ती सोडू नको. रवा मात्र कायमचा बंद कर, तांदूळ-डाळही नको, धान्याला किडे लागणारच. त्याऐवजी अंड्याची टरफलं घे, आतला पापुद्रा काढून धुऊन वाळव आणि हातानेच चुर, दगडाचे टवके उडाल्यासारखे दिसतात, मला तर रेतीपेक्षा हेच जास्त आवडतं.

आता भेगांचं. अ‍ॅक्रिलिक वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडतं आणि प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ला टेकतो, तेव्हा वरचा थर लगेच कडक होतो, आत ओलंच असतं, मग ते आकसतं आणि वरचं फाटतं. गमचंही असंच होतं. म्हणून २-३ मिलिमीटरचाच थर दे, घरात सावलीत ठेव, कूलरच्या झोतात नको, आणि पुढचा थर दुसऱ्या दिवशी.

रेती चार-पाच पाण्यांनी धू, कारण माती राहिली की चिकटत नाही, मग वाळवून चहाच्या गाळणीतून काढ. गमऐवजी जेल मीडियम (अ‍ॅक्रिलिकचाच बिनरंगी, घट्ट लगदा) वापर, मी एक चमचा रेतीला दोन चमचे घेते, प्रत्येक कण त्यात पूर्ण भिजला पाहिजे. आणि एवढं वजन कॅनव्हासवर नकोच, तो लवतो आणि थर तडकतो. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा घे, दोन्ही बाजूंनी जेसो (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) मार म्हणजे वाकणार नाही. दगडांच्या सांध्यांसाठी ओल्या थरात जुना कंगवा ओढ, किंवा बँडेजची जाळी दाबून उचल.

रंग लावताना ट्यूबमधला काळा नको गं, मेलेला दिसतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून जो काळा होतो तो पातळ करून सगळ्या खाचांत जाऊ दे, पूर्ण वाळला की कोरड्या ब्रशने फिका राखाडी फक्त उंचवट्यांवरून हलकेच फिरव, तिथेच भिंत उभी राहते.

जुन्या चित्रावर वरून रंग मारू नको, रवा आत आहे तोवर किडे जाणार नाहीत, सगळा थर खरवडून टाक.