विंडोजचं अपग्रेड फसून फाइली गायब? डिस्कला हात लावू नका
घाबरू नका, पण पुन्हा इन्स्टॉल करून बघायचा मोह आधी आवरा. फॉरमॅट करायचं का असं विचारलं, तर नाहीच म्हणा. फाइल दिसत नाही म्हणजे ती गेलीच असं नसतं. बऱ्याचदा फक्त तिची नोंद पुसलेली असते, मजकूर जागेवरच असतो. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र हाती काही लागत नाही. एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवाल्या डिस्कवर) तर ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा आपोआप रिकामी होते, म्हणून मशीन उगाच चालू ठेवू नका.

विंडोज सुरू होतंय? मग सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ शोधा. त्यातल्या ‘यूजर्स’मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स जसंच्या तसं मिळू शकतं. हा फोल्डर साधारण 10 दिवसांनी आपोआप पुसला जातो, तेव्हा आजच कॉपी करून घ्या. सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट त्यावरूनच चालणारी सिस्टिम) बनवून त्यावरून तुमचं मशीन बूट करा आणि फाइली कॉपी करून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते.

पार्टिशनच (सी, डी असा डिस्कचा भाग) गायब असेल तर ते परत शोधणारं टेस्टडिस्क सॉफ्टवेअर वापरा. पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक मी शेवटीच वापरतो, कारण त्यात फाइलींची मूळ नावं जातात. वाचवलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवरच उतरवा.