यादवी संपल्यावर सरकारने दिलेला सैन्यसुधारणेचा शब्द पाळून कसा घ्यायचा?

तुम्ही विचारलंय की यादवी युद्ध थांबवताना सरकार ‘सैन्य सुधारू’ असं लिहून देतं, ते पुढे त्याच्याकडून करून कोण घेतं, आणि घेता येतं का. घेता येतं. पण समोरच्याची शेवटची बंदूक जमा व्हायच्या आत जेवढं पदरात पडेल, बहुतेक तेवढंच. नंतर सरकारला कसलीच घाई राहत नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. हा विषय माझ्यापर्यंत आला तो गेटवरच्या रखवालदारामुळे. तो पश्चिम नेपाळचा. चौदाव्या वर्षी, तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या माओवाद्यांच्या सैन्यात गेलेला. तिसऱ्या पाळीला मार्चएंडचं काम करत बसलो की चहाला त्याच्याकडे जातो, तेव्हा हळूहळू त्याने सगळं सांगितलं.

नोव्हेंबर २००६ मध्ये नेपाळात शांतता करार झाला आणि दहा वर्षांचं युद्ध थांबलं. माओवादी सैनिक सात मोठ्या आणि एकवीस छोट्या छावण्यांत राहायला गेले. हत्यारं कंटेनरमध्ये बंद केली. किल्ली त्यांच्याच कमांडरकडे, पण संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांची चोवीस तास नजर. मग एकेकाला बसवून चौकशी झाली. २५ मे १९८८ नंतर जन्मलेला असला की तो अल्पवयीन, म्हणून बाद. “साब, जनम पूछा. बाजूवाले ने झूठ बोल दिया, मैंने सच बता दिया,” असं तो म्हणाला, आणि मग बराच वेळ कपाकडे बघत राहिला. अखेर १९,६०२ जण पात्र ठरले, ४,००८ बाद. बाद झालेल्यांना तिकडे जो शब्द वापरला गेला तो आपल्या मराठीतही जसाच्या तसा आहे: अयोग्य. २०१० च्या सुरुवातीला त्यांना छावणीतून घरी धाडलं. पात्र ठरलेल्यांपैकी ज्यांनी पुढे निवृत्ती घेतली त्यांना हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपयांचे चेक मिळाले. ह्याला त्यातलं काही नाही.

आता त्याच कराराची सरकारी बाजू बघा. कलम ४.७ मध्ये नेपाळी सेनेबद्दल लिहिलंय: योग्य संख्या, लोकशाही रचना, सर्व समाजांना सामावणारं स्वरूप, आणि त्यासाठी मंत्रिमंडळाने सविस्तर योजना करायची. योग्य संख्या म्हणजे किती, ते नाही. कधीपर्यंत, ते नाही. कोण येऊन तपासणार, तेही नाही. आम्ही दोघांनी ते कलम मोबाईलवर नेपाळीतच वाचलं. लिपी एकच, त्यामुळे अडखळत का होईना मलाही वाचता आलं. तो म्हणाला, “ये वाला हिस्सा कैंप में किसी ने पढ़के नहीं सुनाया.”

माझा सगळा राग इथे आहे. एका बाजूच्या पोराचं जन्मसाल तपासलं गेलं आणि दुसऱ्या बाजूला नुसती विशेषणं लिहून दिली. आमच्या गेटवर साधी टॉवेलची गाठ बाहेर जायची तरी गेटपासवर नग, गाडी नंबर, वेळ आणि सही लागते. तिथे ‘योग्य संख्येने माल पाठवला’ असं लिहिलं तर कोणी गाडी सोडेल का?

पुढे व्हायचं तेच झालं. मे २००९ मध्ये माओवाद्यांचे नेते आणि तेव्हाचे पंतप्रधान प्रचंड यांनी सेनाप्रमुखांना काढलं, राष्ट्रपतींनी त्याच रात्री त्यांना पदावर राहायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला तो पंतप्रधानांनी. एप्रिल २०१२ मध्ये छावण्या सेनेच्या ताब्यात गेल्या. पात्र ठरलेल्या माओवाद्यांपैकी सेनेत शेवटी सामावले गेले ते चौदाशेच्या आसपास. युद्धकाळात जवळपास दुपटीने फुगलेली सेना मात्र नव्वद हजारांच्या वरच राहिली.

याच्या उलट मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर बघा. तिथला करार १६ जानेवारी १९९२ चा, मेक्सिकोत चापुल्तेपेकच्या किल्ल्यावर झालेला. बारा वर्षांच्या यादवीत पाऊण लाख माणसं मेली होती. या कराराचं वेगळेपण असं, की बंडखोरांनी पाच टप्प्यांत, दर टप्प्याला वीस टक्के लोक मोकळे करायचे आणि सरकारची कामं त्याच वेळापत्रकात बांधलेली. सरकारने लगेच पळवाट काढली. नॅशनल गार्ड आणि ट्रेझरी पोलीस ही दोन बदनाम दलं बरखास्त करायची होती, तर त्यांचं नाव बदलून लष्करातच ठेवली. बंडखोरांनी मेमधला पहिला टप्पा अडवला, राष्ट्रसंघ मध्ये पडला, कायदा करून ती दलं खरोखर रद्द झाली, आणि जूनअखेर पहिले वीस टक्के लोक बाहेर पडले. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटतात ते हे दोन महिने.

तिथे आणखी एक गोष्ट केली. साल्वादोरच्याच तीन नागरिकांची समिती नेमून लष्करी अधिकाऱ्यांची एकेक फाईल तपासली. सप्टेंबर १९९२ मध्ये तिने शंभरहून जास्त नावं दिली, त्यात खुद्द संरक्षणमंत्री. बंडखोरांचा शेवटचा गट १५ डिसेंबरला मोकळा झाला आणि नेमके त्यानंतर वरचे पंधराएक अधिकारी खुर्चीला चिकटून बसले. पुढचे सहा महिने राष्ट्रसंघाचा दबाव, अमेरिकेने रोखलेली लष्करी मदत आणि मार्च १९९३ मधला, युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल, एवढं सगळं लागलं, तेव्हा कुठे जूनअखेर ते निवृत्त झाले. तेही मानाने. शिक्षा कोणाला नाही, कारण अहवालानंतर पाचच दिवसांत माफीचा कायदा झाला. तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला २०१६ मध्ये.

म्हणजे बंदुका जमा झाल्यावर दोनच गोष्टी कामाला येतात: बाहेरचा पैसा आणि अब्रू. नेपाळी सेनेला राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत जाणं फार प्रिय आहे. पैसाही मिळतो, मानही. १५ वर्षांच्या एका मुलीच्या कोठडीतल्या मृत्यूच्या खटल्यात आरोपी असलेल्या मेजरला राष्ट्रसंघाने २००९ मध्ये चाडमधून परत पाठवलं. सेनेने त्याला नागरी न्यायालयाच्या हवाली केलं नाही, आणि तरीही नेपाळी तुकड्या शांतिसेनेत जातच राहिल्या. तिथे राष्ट्रसंघाने पुढची तुकडी अडवायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. १९३० च्या मेमध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता. वर्दीला जाब विचारता येत नाही तेव्हा शहर कसं होतं, हे आमच्याकडे घराघरांत सांगितलं गेलंय, म्हणून मला हे परक्याचं वाटत नाही.

तेव्हा तुम्ही अभ्यासासाठी कुठलाही करार घ्याल, तर आधी दोन तारखा शोधा: शेवटची बंदूक कधी जमा होणार आणि पहिला अधिकारी घरी कधी जाणार. दुसरी तारीख सापडलीच नाही, तर सैन्यापुरता तो करार नेपाळच्या वाटेने जाणार असं समजा.

पण नुसत्या आकड्यानेही भागत नाही. दक्षिण सुदानमध्ये २०१८ च्या करारानंतर एकत्रित सैन्याचा आकडा ठरला होता, ८३,०००. पहिली तुकडी शपथ घेऊन बाहेर पडली ती थेट ऑगस्ट २०२२ मध्ये, काहींच्या हातात लाकडी बंदुका. दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी आपापली मूळ सैन्यं तशीच ठेवली होती आणि नव्या सैनिकांच्या पगाराची तरतूद कोणाकडेच नव्हती.