ते नेमकं कोणतं युद्ध? युद्धकाळातल्या नाताळाबद्दल वाचकांचे प्रश्न

यंदा आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. वसईपासून सावंतवाडीपर्यंत ठिकठिकाणी तरुण मंडळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लढाईच्या दिवसांतला नाताळ ऐकून लिहून ठेवत आहेत. हे काम आत्ताच व्हायला हवं आणि ते नीट व्हायला हवं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच प्रश्नांसाठी ठेवलं आहे.

प्रश्न : आमच्या चर्चच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन आणि वीस मिनिटांची नाटिका करायची आहे. जुन्या माणसांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. कुणी सांगतं खिडक्यांना काळे कागद लावले होते, कुणी सांगतं साखर मिळेना, कुणी सांगतं नाताळाच्या आठवडाभर आधी डोक्यावरून विमानं गेली. हे सगळं एकाच वर्षीचं कसं असेल? (वाचक, वेंगुर्ले तालुका)

ते एका वर्षीचं नाहीच. दक्षिण कोकणातल्या माणसाच्या आठवणीत तीन वेगवेगळे नाताळ एकमेकांत मिसळलेले असतात. पहिले दुसऱ्या महायुद्धातले, त्यातही १९४२ ते १९४४ चे. दुसरा १९६१ चा, कारण गोव्यातली लष्करी कारवाई १८ आणि १९ डिसेंबरला झाली आणि नाताळ त्यानंतर सहाच दिवसांनी आला. विमानांची आठवण बहुधा याच वर्षीची. तिसरा १९७१ चा. १९६५ ची लढाई सप्टेंबरात थांबली होती, त्यामुळे ती नाताळाच्या आठवणीत सहसा येत नाही.

म्हाताऱ्या माणसाला ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका. साल सांगताना चूक होते आणि एकदा सांगितलेलं साल मग तो माणूस धरून बसतो. त्याऐवजी अंगवळणी पडलेल्या गोष्टी विचारा.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मिळणारी पवित्र भाकर) घेण्याआधीचा उपास. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबसुद्धा चालत नव्हता, असं कुणी सांगितलं तर ती गोष्ट १९५३ च्या आधीची. त्या वर्षापासून पाण्याची मोकळीक मिळाली. १९५७ पासून उपास तीन तासांवर आला आणि १९६४ च्या नोव्हेंबरात एका तासावर. लहानपणी तहान लागलेली असताना आईने तांब्या हातातून काढून घेतला, ही आठवण कुणी विसरत नाही.

दुसरी खूण मिस्सेची भाषा. फादरांची पाठ लोकांकडे आणि मिस्सा लॅटिनमध्ये असेल तर महायुद्ध किंवा १९६१. लोकांकडे तोंड करून आपल्या भाषेतली मिस्सा असेल तर १९७१. नाटिकेत इथेच मोठी चूक होते. १९४३ च्या प्रसंगात गावकरी एकेक करून पुढे येतात आणि ‘सैनिकांसाठी प्रार्थना करू या’ म्हणतात, असं दाखवलं जातं. लोकांच्या प्रार्थनांचा हा भाग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची १९६२ ते १९६५ मधली सभा) मिस्सेत आला. १९४३ मध्ये तुमची पात्रं हातात रोझरी घेऊन मनातल्या मनात प्रार्थना करतील, आणि ते रंगमंचावर जास्त परिणामकारक दिसेल.

तिसरी खूण दानपेटीतलं नाणं. १९४३ ते १९४७ या काळात धातू वाचवण्यासाठी मधोमध मोठं गोल भोक असलेला पैसा पाडला. तांब्याच्या रंगाचा, एका बाजूला मुकुट आणि साल, असे चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया. पोरं तो दोऱ्यात ओवत. जुन्या बाजारात तो अजूनही स्वस्तात मिळतो. प्रदर्शनात दोन-चार नाणी काचेखाली बंद करू नका, हातात घेऊ द्या. भोकाचा पैसा हातात आला की नव्वदीच्या माणसाला आपोआप पुढचं आठवायला लागतं.

१९७१ च्या खुणा निराळ्या. ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाच्याच संध्याकाळी, हवाई हल्ले सुरू झाले. ढाक्यात शरणागती झाली १६ डिसेंबरला, म्हणजे नाताळाची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पश्चिम सीमेवरही युद्धविराम झाला. त्यामुळे १९७१ ची मध्यरात्रीची मिस्सा दिवाबंदीत झाली, असं कुणी ठामपणे सांगत असेल तर ती आठवण आगमनकाळातल्या ५ किंवा १२ डिसेंबरच्या रविवारची असावी. माणूस खोटं बोलत नाही, दोन आठवणी शेजारी शेजारी येऊन चिकटलेल्या असतात. घरात त्या वर्षीची नाताळाची भेटकार्डं जपलेली असतील तर लिफाफा पाहा. १५ नोव्हेंबर १९७१ पासून नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं तिकीट लावावं लागे.

आणि सरळ वयाचा हिशेब करा. १९४३ साली आठ वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या घरात आहे. सत्तरीतला माणूस महायुद्धातला नाताळ सांगत असेल तर तो आईवडिलांकडून ऐकलेला आहे. तेही लिहून घ्या, पण पाटीवर ‘ऐकीव’ असं लिहा.

प्रश्न : आजी म्हणायची की लढाईत घड्याळ पुढे केलं होतं आणि ‘बाराची मिस्सा बाराला नव्हतीच’. याचा अर्थ काय? (वाचक, वसई)

आजीचं शब्दशः खरं आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातली घड्याळं एक तास पुढे होती. १९४२, ४३ आणि ४४ असे तीन नाताळ या वाढीव वेळेत आले. शिवाय मुंबई इलाख्यात ‘बॉम्बे टाइम’ वापरायची जुनी सवय होती आणि ती वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे सरकारी घड्याळात रात्रीचे बारा वाजले तेव्हा प्रमाणवेळेने अकरा आणि जुन्या बॉम्बे टाइमने १० वाजून २१ मिनिटं. लहान मुलं त्या वर्षांत मध्यरात्रीच्या मिस्सेला कमी पेंगली असतील.

खरी ओढाताण सकाळच्या मिस्सेला होती. २५ डिसेंबरला आपल्याकडे सूर्य साधारण सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो, युद्धवेळेत तो सव्वाआठच्या सुमाराला उगवे. पाचची पहाटेची मिस्सा म्हणजे आपल्या आजच्या चार वाजताचा मिट्ट काळोख, आणि रॉकेलची टंचाई. वाडीतल्या पाच-सहा घरांनी एका कंदिलामागे एका रांगेत चालायचं, असं दृश्य नाटिकेत घेतलंत तर ते काळाला धरून होईल.

उपास कोणत्या मध्यरात्रीपासून मोजायचा, हा प्रश्नही तेव्हा होताच. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेतल्या ३३ व्या कलमाने सरकारी वेळ किंवा स्थानिक सूर्यवेळ यांपैकी कोणतीही धरायची मोकळीक दिली होती. म्हणून एकाच घरात दोन माणसांनी दोन हिशेब धरले तरी दोघांचंही बरोबर होतं.

प्रश्न : युद्धात चर्चच्या घंटा बंद होत्या, असा प्रसंग लिहिला आहे. योग्य आहे का? (वाचक, मालवण)

नाही, काढून टाका. ती इंग्लंडमधली गोष्ट आहे. तिथे जून १९४० पासून शत्रू उतरल्याच्या इशाऱ्यासाठी घंटा राखून ठेवल्या होत्या आणि १९४३ मध्ये बंदी उठली. तुमच्या गावात तसं घडल्याचं गावातल्याच कुणी पाहिलेलं असेल तरच तो प्रसंग ठेवा. तसंच, पत्राबरोबर पाठवलेल्या संहितेत चाकरमानी रेल्वेने मालवणकडे येतो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये. त्याला बोटीने आणा.

प्रश्न : साखर नव्हती म्हणून युद्धात लोकांनी दोदोल करायला सुरुवात केली, हे खरं का? प्रदर्शनात चाखायला ठेवायचा आहे, प्रमाण द्यावं. (वाचक, सावंतवाडी)

दोदोल (नारळाचं दूध, माडाचा गूळ आणि तांदळाचं पीठ आटवून केलेला नाताळाचा गोड पदार्थ) फार जुना आहे, युद्धाने तो शोधून काढला नाही. मात्र टंचाईत तो टिकला याला कारण आहे. कुलकुलांना आणि नेवऱ्यांना मैदा, साखर, तळणीचं तेल लागतं. दोदोलाला लागतं ते सगळं परसात किंवा शेजारच्या वाडीत मिळे : नारळ, माडाचा गूळ, तांदूळ. त्यातला तांदूळही मोजूनच. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला आणि मुंबईत मे १९४३ पासून धान्याचं रेशनिंग सुरू झालं.

साठ-सत्तर लहान वड्यांसाठी : तांदळाचं पीठ पाव किलो, माडाचा काळा गूळ अर्धा किलो, मोठे नारळ तीन, चिमूटभर मीठ. नारळाचं पहिलं घट्ट दूध अर्धा लिटर काढून बाजूला ठेवा. दुसरं आणि तिसरं मिळून एक लिटर. गूळ वाटीभर पातळ दुधात गरम करून विरघळवा आणि फडक्यातून गाळा. माडाच्या गुळात रेव असतेच, गाळायचं टाळलंत तर पहिल्या घासालाच कळेल. उरलेल्या पातळ दुधात पीठ कालवा, तेही गाळा. सगळं जाड बुडाच्या पातेल्यात किंवा पितळी कल्हईच्या टोपात एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहा. पंचवीसेक मिनिटांत घट्ट होतं. मग घट्ट दूध तीन वेळा करून घाला आणि आणखी पाऊण तास तरी ढवळा. गोळा कडा सोडतो आणि काठाला तेल सुटलेलं दिसतं, तेव्हा झाला.

बिघडतं ते बहुतेक वेळा घाईने. तेल सुटायच्या आधी उतरवला तर पीठ कच्चट लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. आच मोठी केली तर बूड लागतं. लागलं तर खरवडू नका, वरचा भाग लगेच दुसऱ्या पातेल्यात काढा. थाळीत एक इंच जाडीने थापून रात्रभर थंड होऊ द्या, गरम असताना सुरीला चिकटतो. तांदूळ मोजून वापरल्याची चव दाखवायची असेल तर निम्मं पीठ नाचणीचं घ्या आणि पाटीवर दोन्ही प्रमाणं लिहा.

प्रश्न : बांबूची चांदणी आणि दिवाबंदीची खिडकी कशी करावी? (वाचक, रेवदंडा)

चांदणीला ६० सेंटीमीटरच्या दहा कामट्या लागतात, पाच पुढच्या चांदणीला आणि पाच मागच्या. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर खूण करा, मध्ये १४ सेंटीमीटर उरतात. पाच कामट्या एकमेकींवरून-खालून अशा घाला की खुणेवर खूण येईल आणि तिथेच सुतळीने बांधा. खूण न करता अंदाजाने बांधली की एक टोक बुटकं राहतं आणि चांदणी टांगल्यावर एका बाजूला कलते. दोन्ही चांदण्या पाच टोकांना जोडा आणि आतल्या पाच सांध्यांत १३ सेंटीमीटरचे तुकडे आडवे अडकवून त्यांना फुगवटा द्या. पतंगाचा कागद खळीने चिकटवा, खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं खात नाहीत. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका. कागद दुपारच्या उन्हात लावा, डिसेंबरच्या दवात ओला कागद सैल पडतो. आत पणती नको, एलईडीचा छोटा बल्ब सोडा.

खिडकीच्या बाबतीत लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. काचेवर फुलीसारख्या चिकटवलेल्या कागदी पट्ट्या काच फुटून उडू नये म्हणून असतात. उजेड अडवायला आतून काळा कागद किंवा जाड कापड लागतं. दोन्ही दाखवा. महायुद्धाचा प्रसंग असेल तर विजेचा बल्ब दाखवू नका. कोकणातल्या बहुतेक खेड्यांत तेव्हा वीज नव्हती, झाकायचा होता तो कंदील.

प्रश्न : आमच्या वाडीतली बरीच माणसं बोटीवर होती. युद्धात परत न आलेल्यांची नावं नाताळाच्या गोठ्याजवळ (बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्याजवळ) लावायची आहेत. चर्चच्या मृत्यूच्या वहीत ती सापडत नाहीत. (वाचक, रत्नागिरी जिल्हा)

सापडणार नाहीत, कारण ती वही दफनाची आहे. समुद्रात गेलेल्याचं इथे दफन झालंच नाही. आधी बाप्तिस्म्याची वही पाहा. फादरांना लेखी अर्ज द्या, अंदाजे वर्ष आणि आईवडिलांची नावं लिहा आणि पानांचे फोटो न काढता टिपून घ्या. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतील तर ‘बाप्तिझावी’ म्हणजे बाप्तिस्मा दिला, ‘पात्रिनी’ म्हणजे धर्ममातापिता, ‘ओबिइत’ म्हणजे मरण पावला. लग्नाच्या वहीत विधवेचा पुनर्विवाह असेल तर पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची नोंद तिथे मिळू शकते. मृतांसाठी मागितलेल्या मिस्सांची वही जपलेली असेल तर तीही पाहा.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधा. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या भारतीय खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांच्या नामावलीत आहेत, पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदर भागात सेलर्स होममध्ये आहे. आडनावांची स्पेलिंगं फार वाकडी असतात. डिसोझा चार प्रकारे, फर्नांडिस पाच प्रकारे लिहिलेलं असतं. म्हणून आडनावाऐवजी बोटीचं नाव आणि तारीख यांवरून शोधा. घरात सेन्सॉरचा शिक्का असलेलं पत्र किंवा जुनी नली, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, असेल तर बोटीचं नाव तिथे मिळण्याची शक्यता जास्त.

चिठ्ठीवर नाव, वाडी, बोट, तारीख एवढंच लिहा. जे कळलं नाही ती ओळ कोरी ठेवा आणि शेजारी पेन्सिल बांधून ठेवा. नाताळाला मुंबईहून माणसं येतात, त्यांतल्या कुणाला तरी बोटीचं नाव माहीत असतं.