उथळ रीफ टँकमध्ये वेव्हमेकर कोणता?

प्रश्न : माझा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) ९० × ६० × ३० सेंमी आहे. ताशी ८००० लिटरचा एकच वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) लावलाय. वाळू उडून एका कोपऱ्यात ढीग होतो, पंप मधूनच हवा ओढतो. वेग कमी केला तर खडकांमागे घाण साचते. काय बदलू?

उत्तर : पंप बदला, नुसता वेग कमी करून भागणार नाही. खडक-वाळू वजा जाता तुमच्याकडे साधारण १४० लिटर पाणी असेल. मऊ आणि मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाचा एकेक मऊ जीव) प्रवाळांना ताशी या पाण्याच्या २० ते ३० पट, म्हणजे २८०० ते ४२०० लिटर प्रवाह पुरतो. अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक, फांद्यांच्या प्रवाळांना ४० पट किंवा जास्त लागतो.

खरी अडचण आकड्यापेक्षा झोताच्या आकाराची आहे. अरुंद झोत ३० सेंमी उंचीत पसरायच्या आत तळावर आपटतो. म्हणून रुंद झोताचे, वेग बदलता येणारे, ताशी ३००० लिटरचे दोन डीसी पंप घ्या. दोन्ही बाजूंच्या काचांवर, मागच्या कोपऱ्यांजवळ, पाण्याखाली ८-१० सेंमीवर लावा. तोंडं किंचित वर. पृष्ठभाग थरथरला पाहिजे, पण भोवरा दिसला की पंप २ सेंमी खाली घ्या. बाष्पीभवनाने पातळी उतरली तरी हवा ओढली जाते, तेव्हा ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) हवाच.

३० टक्क्यांवर सुरू करा, दर दोन दिवसांनी थोडं वाढवा. पॉलिप डोलायला हवेत. एकाच बाजूला दाबले जाऊन सांगाड्याच्या कडेवर मांस ताणलेलं दिसलं, तर तो झोत लगेच वळवा, नाहीतर ते फाटतं.

साखरेसारखी बारीक वाळू असेल तर १-२ मिमीची घाला.