“घेतली का धडधड थांबते, ताई”

मंगळवारी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनासाठी बसते. सगळा कापसाचा पट्टा. माझ्या खोलीचं दार ओढलं तरी पूर्ण लागत नाही, म्हणून इथे सगळे हळू आवाजात बोलतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

चाळिशीतले भाऊ, सोबत बायको. कृषी केंद्राच्या पिशवीतून त्यांनी ईसीजीच्या तीन पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. घड्या पडून पडून मऊ झालेल्या.

“तिन्ही बराबर हाये म्हणते डॉक्टर. मंग पहाटं छाती काहून धडधडते?”

रोज तीन-साडेतीनला जाग. घाम, हाताला मुंग्या, आता जीव जातो असं वाटणं. मग अंगणात फेऱ्या. संध्याकाळी घेतली की सगळं शांत. किती घेता विचारलं तर “थोडीशीच.” थोडीशी म्हणजे किती हे मी कधीच सोडत नाही. १८० मिलीची एक क्वार्टर देशी, बाजाराच्या दिवशी दीड. पाच-सहा वर्षांपासून, सहसा एकही दिवस न चुकता.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ताई, हे घाबरतेत म्हणून पेतेत, का पेतेत म्हणून घाबरतेत?”

या खोलीत हा प्रश्न मला निदान महिन्यातून एकदा तरी ऐकू येतो. इतक्या नेमक्या शब्दांत मात्र पहिल्यांदाच आला.

भाऊंकडे उत्तर तयार होतं. उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला ते वर्धा जिल्ह्यात गेले होते. तिथे कित्येक दशकांची दारूबंदी. (मिळते, पण पाहुण्याला अड्डा कुठून माहीत असणार!) दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी हातात धरवेना, चहा सदऱ्यावर सांडला. सोयऱ्यांसमोर. छाती अशी उडायला लागली की मांडवातून उठून गेले. “दोन दिस नाही भेटली तं हे हाल. म्हणजे माह्यासाठी ते औषधच हाये ना?”

त्यांचा हिशोब बिनचूक वाटावा असाच होता, आणि घोळ नेमका तिथेच होता. ते औषधाविना बळावलेलं दुखणं नव्हतं. रोज मिळणारी दारू अचानक बंद झाल्यावर शरीर जे करतं, ते होतं.

मी त्यांना दाराकडे बघायला सांगितलं. समजा दोघं दोन्ही बाजूंनी हे दार रेटताहेत. एकाने अचानक हात काढला तर दुसरा तोंडावर आपटतो. दारू मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबते. रोज असं झालं की मेंदू उलट बाजूने रेटायला शिकतो. रात्री दारू उतरते, रेटा राहतो. म्हणून पहाटेची धडधड.

पटल्यासारखं दिसलं नाही. मग एक वही दिली. रात्री शेवटचा घोट किती वाजता, पहाटे जाग किती वाजता, एवढंच लिहायचं. दोन ओळींपलीकडचा गृहपाठ इथे कोणी करत नाही, कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच. वही मुलीने लिहिली, सातवीतलं स्वच्छ अक्षर. पुढच्या मंगळवारी भाऊ स्वतःच बोट फिरवत बोलले, “आठला संपली का साडेतीन. साडेनऊला संपली का पाच. हे तं मोटारीच्या टायमावानी हाये!”

आणि लगेच, “उद्यापासून बंद. माळच घालतो.”

इथे मी घाईने थांबवलं. रोज पिणाऱ्याने शपथ घेऊन एका झटक्यात सोडणं धोक्याचं असू शकतं. शेवटच्या घोटानंतर थरथर सहा-आठ तासांत सुरू होते, झटके (फिट) बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. यात जीवही जातो. लग्नात चहाच सांडला, हे नशीब. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, बी-१ जीवनसत्त्व दिलं, हळूहळू कमी करत जायच्या गोळ्या ठरवून दिल्या. त्या गोळ्यांवर दारू अजिबात नको, हे दोघांना वेगवेगळं बसवून सांगितलं. वहिनींनी डाळीत कालवायला आणलेली ‘दारू सोडायची पुडी’ही फेकायला लावली. त्यात काय असतं कोणास ठाऊक, आणि न सांगता दिलेल्या औषधावर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलंच नव्हतं. दारू सुटून तीन-चार आठवडे गेल्याशिवाय ते देता येत नाही. तेवढ्यात बहुतेकांची घाबराहट बरीच उतरते. उरते ती वेगळी तपासावी लागते. भाऊंची पहाटेची धडधड गेली. पण बँकेत मॅनेजरपुढे उभं राहिलं की घशाला कोरड पडणं राहिलं. खोदत गेल्यावर कळलं, ते शाळेत फळ्यासमोर उभं राहायचे तेव्हापासूनचं होतं, पहिल्या घोटाच्या कितीतरी आधीचं. म्हणजे वहिनींच्या दोन्ही बाजू खऱ्या होत्या. त्या भीतीवर आम्ही आता काम करतोय. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर वहिनींच्या फोनमध्ये टाकून दिला आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटणासोबत भाऊ बसलेच. पहाटे चारला उठून बसले. सकाळी फोन आला.

“आली होती ताई धडधड. दवाखान्यात नाही गेलो. पोरीले उठवलं अन् वहीत टाईम लिहून घेतला.”