पाण्यात ठेवलेले देव

"मॅडम, आम्ही देवाचं काय वाकडं केलं होतं?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केला आणि सहा महिन्यांत नोकरी गेली, असा तरुण विचारतो. तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये एकही रविवार न चुकवणारी आई विचारते. शब्द निराळे, दुखणं एकच: देवाचा माझ्यावर जीव असेल, तर हे माझ्याच वाट्याला का? म्हणून एकीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, आणि पाच महिन्यांच्या भेटी इथे चार-दोन संवादांत बसवल्यात.

सुनंदाताई, वय 56, कळव्याच्या. दर सोमवारी कौपिनेश्वराला बेल वाहायचा लग्नापासूनचा नेम. यजमानांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, 11 दिवस आयसीयूत होते आणि गेले. त्यानंतर ताईंनी पूजा सोडली, नेम सोडला, बोलणंही जवळजवळ सोडलं. लेक घेऊन आली.

पहिल्या दोन भेटींत त्या फक्त एवढंच सांगत राहिल्या, की भेटायला आलेलं कोण काय बोललं. "देव चांगल्या माणसांचीच परीक्षा घेतो." "चांगली माणसं देवालाही लवकर लागतात." एका नातेवाइकाने तर तुकोबांचा अभंग ऐकवला, 'बरे झाले देवा निघाले दिवाळे'.

इथे मला राहवत नाही. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको 'अन्न अन्न करिता' गेली. त्यानंतर ते स्वतः, स्वतःबद्दल 'बरे झाले' म्हणाले. शेजाऱ्याने दारात येऊन त्यांना ते सुनावलं नव्हतं. बायबलमधल्या ईयोबाच्या कथेतही दुःखाची कारणमीमांसा करणाऱ्या मित्रांवरच देव शेवटी रागावतो. तावातावाने जाब विचारणारा ईयोब मात्र माझ्याविषयी योग्य बोलला, असं तोच म्हणतो. सांत्वनाला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. डबा घेऊन जा, बँकेच्या कागदांना मदत करा, देवाची वकिली करू नका.

तिसऱ्या भेटीत मी एक चूक केली. मला वाटलं होतं, फार नेमका प्रश्न सुचलाय.

"ताई, 11 दिवस तुम्ही आयसीयूबाहेर बसून होतात. तुमचा जीव कमी होता म्हणून ते गेले का?"

"नाही."

"म्हणजे जीव असूनही माणूस वाचवता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काय देव आहे? त्याला येत होतं ना वाचवता."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. तसं सांगितलं. त्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसल्या.

माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. ते स्वतः नास्तिक, पण 'व्हायलाच हवं' या हट्टाने माणूस कसा पिळवटतो, हे त्यांच्याइतकं स्वच्छ मला कुणी शिकवलं नाही. तरी हट्ट दाखवून द्यायला मुहूर्त लागतो. ओल्या जखमेवर तर्क चोळला की माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

पुढच्या भेटीत लेक सहज बोलून गेली, "देव अजून पाण्यातच आहेत."

बाबांना दाखल केलं त्या रात्री ताईंनी खरोखरच देव पाण्यात ठेवले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे एका स्टीलच्या पातेल्यात. बरं वाटलं की काढायचे. काढायची वेळच आली नाही. लेक हात लावायला गेली, तर ताई खेकसल्या.

"राहू दे त्यांना तसंच," त्या मला म्हणाल्या. "कळू दे."

मी विचारलं, "चार महिने झाले. पाणी शेवाळलं असेल."

"शेवाळेल कसं? रोज बदलते ना मी."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. बोललेलं त्यांनाच ऐकू आलं असावं. मग पदर तोंडाला लावून त्या जवळपास वीस मिनिटं रडल्या. यजमान गेल्यावर पहिल्यांदाच, असं लेक म्हणाली. मी गप्प राहिले. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातलं हे बऱ्यापैकी जमलेलं गप्प राहणं.

ज्याचं नातं तुटलं, तो पाणी बदलत नाही. हा अबोला होता, आणि अबोला आपल्याच माणसाशी धरतात. श्रद्धा गेली म्हणून येणाऱ्या बहुतेकांची श्रद्धा गेलेली नसतेच. मोडलेला असतो तो करार: मी बेल वाहीन, तू माझं घर सांभाळ. 'त्याचा माझ्यावर जीव आहे' आणि 'तो माझं काही वाईट होऊच देणार नाही' ही दोन वाक्यं लहानपणापासून एकाला एक चिकटलेली असतात. दुसरं कोसळलं की पहिलंही गेलंसं वाटतं. ती हळूहळू सुटी करायची. त्यासाठी आधी भांडू द्यावं लागतं, देवाशीसुद्धा. पूजा बंद असेल तर असू द्या, घरच्यांनी मागे लागू नये. मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, 'मलाही ने' अशी भाषा सुरू झाली, तर मनोविकारतज्ज्ञांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

ताईंनी देव बाहेर काढले ते एका बुधवारी. सोमवार मुद्दाम टाळला म्हणे.

"अन्नपूर्णा पार काळी पडली होती. तासभर चिंचेने घासत बसले. घासताना तोंडाला येईल ते बोलले तिला."

"मग?"

"मग काय. पुसून जागेवर ठेवली. दिवा नाही लावलाय अजून."